आईला आमवात आहे, मग मला पण होणार का? जीन्स आणि रुमॅटॉइड आर्थरायटिसबद्दल नेहमी येणारे प्रश्न

माझ्या आईला आरए, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिस आहे, एकोणीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं नुसत्या पेनकिलरवर गेली, कारण आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी "वय झालं, चालायचंच" असं सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकलं, आई तेव्हा फक्त सत्तेचाळीसची होती. आम्ही तिघं भावंडं, त्यामुळे "हे आपल्यात येणार का" हा प्रश्न घरात कायम असतो, आणि नंतर नातेवाईक, मैत्रिणी, क्लिनिकच्या बाकावर शेजारी बसलेल्या बायका सगळेच विचारायला लागले. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजी शिकलेय, पण या विषयावर गेली बरीच वर्षं वाचतेय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

आधी हे सांगा, आरए म्हणजे संधिवात, आमवात का झीज?

आपल्याकडे सांधा दुखला की सगळ्यालाच संधिवात म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गुडघ्याची झीज वेगळी, युरिक ॲसिड वाढून होणारा गाऊट वेगळा, चिकनगुनिया गेल्यावर महिनोन्‌महिने धरून राहणारे सांधे वेगळे. आरए, ज्याला बरेच जण आमवात म्हणतात, त्यात शरीराची स्वतःची इम्युनिटीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते, बोटांची पेरं, मनगटं, पायाची बोटं सुजतात, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना, आणि सकाळी उठल्यावर हात तासतासभर आखडलेले राहतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने १९९६ पासून दारोदार जाऊन सांधेदुखीची पाहणी केली, त्यात आरए साधारण अर्धा टक्का लोकांत सापडला, म्हणजे दोनशे माणसांत एक. आकडा छोटा वाटतो, पण मोठ्या गावात ही पन्नास-शंभर माणसं होतात आणि त्यातल्या कितीतरी बायका आजही बाम चोळून दिवस काढतायत.

हा आजार आनुवंशिक आहे का? हो किंवा नाही सांगा.

थोडा हो, पण तुम्हाला वाटतो तसा नाही. थॅलेसेमियासारखा एकच बिघडलेला जीन आईवडिलांकडून आला आणि आजार झाला, असं इथे होत नाही.

सगळ्यात चांगला पुरावा जुळ्यांचा. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचे जीन्स जवळजवळ शंभर टक्के सारखे असतात, म्हणजे आरए फक्त जीन्समुळे होत असता तर एकाला झाला की दुसऱ्याला व्हायलाच हवा होता. ब्रिटनमध्ये १९९३ साली अशा जुळ्यांचा देशभरातला अभ्यास आला, त्यात एकाला आरए असताना दुसऱ्यालाही असल्याचं प्रमाण निघालं फक्त १५ टक्के! वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांत ते साधारण ४ टक्के होतं. आता १५ हा ४ पेक्षा बराच जास्त आहे म्हणजे जीन्सचा हात नक्की आहे, पण सगळे जीन्स सारखे असूनही शंभरातले ८५ जण सुटले हे पण तितकंच खरं. आईचं निदान झालं तेव्हा मला कोणी हा एक आकडा सांगितला असता तर कितीतरी रात्री नीट झोप लागली असती.

पण आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा ६० टक्के आनुवंशिक आहे, मग?

तो आकडा खरा आहे, त्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. ब्रिटन आणि फिनलंडमधल्या जुळ्यांवरून २००० साली काढलेला तो अंदाज आहे आणि त्याचा अर्थ असा की समाजात कोणाला आरए होतो आणि कोणाला नाही, या फरकातला साधारण ६० टक्के भाग जीन्समधल्या फरकामुळे येतो. "माझ्या आईला आहे म्हणून मला ६० टक्के चान्स" असा तो अजिबातच नाही.

मग माझा चान्स किती, साध्या आकड्यात सांगा ना.

आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला आरए असेल तर आपला धोका इतरांच्या साधारण तिप्पट होतो, हा अंदाज स्वीडनच्या देशभरातल्या नोंदींवरून आलेला आहे. आपल्याकडे मुळात दोनशेत एक ते शंभरात एक असं प्रमाण धरलं, तर तिप्पट म्हणजे शंभरात दीड ते तीन. म्हणजे आरए असलेल्या आयांची शंभर मुलं एका हॉलमध्ये बसवली तर साधारण सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांना तो नसेल. "तिप्पट" ऐकून पोटात गोळा येतो, मला पण आला होता, पण कशाच्या तिप्पट हे विचारल्याशिवाय घाबरायचं नाही.

तो जीन नेमका कुठला? नाव तरी सांगा.

एक नाव सगळ्यात महत्त्वाचं, एचएलए-डीआरबी१. हा आपल्या सहाव्या क्रोमोसोमवर असतो. एचएलएचं काम असं समजा, पेशी बाहेरचे-आतले प्रोटीनचे तुकडे एका ताटलीत ठेवून इम्युनिटीच्या शिपायांना दाखवतात, "हा आपला का परका बघ", ती ताटली म्हणजे एचएलए. प्रत्येकाच्या ताटलीचा खळगा थोडा वेगळा, म्हणून तर किडनी ट्रान्सप्लांटच्या वेळी एचएलए मॅच करावा लागतो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत पीटर स्टॅस्टनी यांच्या लक्षात आलं की आरएच्या पेशंट्समध्ये एचएलएचा डीआर४ नावाचा प्रकार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो. पण मग प्रश्न पडला की ज्यांच्यात डीआर४ नाही, डीआर१ किंवा डीआर१० आहे, त्यांना का होतो? याचं उत्तर १९८७ साली ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर या तिघांनी दिलं. हे सगळे प्रकार वरून वेगवेगळे दिसत असले तरी त्या प्रोटीनच्या साखळीत ७० ते ७४ या जागांवर पाच अमिनो ॲसिडचा जवळजवळ सारखाच तुकडा असतो, आणि तो तुकडा बरोब्बर खळग्याच्या कडेला येतो. याला शेअर्ड एपिटोप म्हणतात. वेगवेगळ्या आडनावाच्या घरांत एकच नाक दिसावं तसं आहे हे. मला हा शोध फार आवडतो, कारण तेव्हा आजच्यासारखी जीन्स वाचणारी सिक्वेन्सिंगची मशिनं नव्हती आणि तरी त्यांनी बोट योग्य जागी ठेवलं. पुढे २०१२ साली आणखी बारकाईने बघितल्यावर ११, ७१ आणि ७४ या जागा सगळ्यात महत्त्वाच्या निघाल्या, म्हणजे जुनी कल्पना मोडली नाही, फक्त जास्त नेमकी झाली.

एक लक्षात घ्या, हा तुकडा असलेली असंख्य माणसं आयुष्यभर ठणठणीत असतात. हा काही रोगाचा जीन नाही, इम्युनिटीचा चांगला कामाचा जीन आहे.

मग हा तुकडा असल्यावर बिघडतं काय?

आपल्या प्रोटीनमध्ये आर्जिनिन नावाचं अमिनो ॲसिड असतं, पॅड नावाची एन्झाइम्स त्याचं सिट्रुलिन करतात. हे शरीरात नेहमीच होत असतं, सूज आली किंवा धुरामुळे फुप्फुसाला त्रास झाला की जास्त होतं. शेअर्ड एपिटोपवाल्या खळग्यात हे बदललेले तुकडे चांगले बसतात, तिथून ते शिपायांना दाखवले जातात, आणि काही जणांत इम्युनिटी ते परके समजून त्यांच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागते. तुमच्या रिपोर्टवर जी अँटी-सीसीपी टेस्ट असते ना, ती याच अँटीबॉडीची. म्हणूनच शेअर्ड एपिटोपचा संबंध मुख्यतः अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आरएशी आहे, निगेटिव्ह असलेल्या पेशंट्समध्ये तो बराच कमी दिसतो, त्यांची जनुकीय गोष्ट थोडी वेगळी आहे.

या अँटीबॉडी सांधे दुखायच्या कितीतरी वर्षं आधीच रक्तात येऊ शकतात. हॉलंडमध्ये रक्तदात्यांचे जुने साठवलेले नमुने काढून बघितले तेव्हा हे कळलं.

एवढाच एक जीन, का अजून आहेत?

आरएशी संबंध असलेल्या जीन्समधल्या शंभराच्या वर जागा सापडल्यात. २०१४ साली युरोप आणि आशियातल्या मिळून एक लाखाहून जास्त लोकांचा डेटा एकत्र केला तेव्हा १०१ जागा मोजल्या गेल्या, २०२२ च्या अभ्यासात २,७६,०२० लोक होते आणि आकडा १२४ वर गेला. पण यातली बहुतेक प्रत्येक जागा धोका अगदी इवलासा वाढवते, दहा-वीस टक्क्यांनी वगैरे. थेंबे थेंबे तळे साचे, तसं.

त्यातली दोन-तीन नावं माहीत असू द्या. पीटीपीएन२२, हा टी-सेल्सचा, म्हणजे इम्युनिटीच्या शिपाई पेशींचा ब्रेक आहे, त्याच्या ६२० व्या जागी एक अक्षर बदललं की धोका साधारण दीड-पावणेदोन पट होतो, आणि हाच बदल टाइप १ डायबेटिस आणि थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजारांत पण दिसतो, त्यामुळे एकाच घरात मावशीला थायरॉइड आणि आईला आरए असं दिसलं तर नवल वाटायला नको. पीएडीआय४, हा वर सांगितलेल्या पॅड एन्झाइमचाच जीन, जपानी संशोधकांना २००३ साली सापडला. आणि स्टॅट४, सीटीएलए४, आयएल६आर, टीएनएफएआयपी३, हे सगळे इम्युनिटीच्या निरोपानिरोपीतले.

हे संशोधन गोऱ्या लोकांवरचं, आपल्याला लागू होतं का?

खूप चांगला प्रश्न, आणि हा फार कमी लोक विचारतात. काही भाग होतो, काही नाही. पीटीपीएन२२ चा तो बदल युरोपात सर्रास आहे, जपानमध्ये जवळजवळ नाहीच, भारतात पण खूप कमी. उलट एचएलए-डीआरबी१ चा १०:०१ हा प्रकार, म्हणजे वरचा डीआर१०, युरोपीय लोकांत विरळा आहे पण भारतात बऱ्यापैकी सापडतो, त्याच्यावर शेअर्ड एपिटोप आहे, आणि भारतीय पेशंट्सच्या अभ्यासांत डीआर४ बरोबर डीआर१ आणि डीआर१० पुढे आलेत. २०२२ च्या अभ्यासात दक्षिण आशियातले लोक होते, पण युरोपातल्यांपेक्षा बरेच कमी. युरोपच्या आकड्यांवर बांधलेला, जीन्सवरून धोका मोजणारा रिस्क स्कोअर आपल्यावर तितका नीट चालत नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण एवढी मोठी लोकसंख्या आपली आणि आपले नमुने मात्र मूठभर.

धूम्रपानाचा आणि जीन्सचा काय संबंध?

हा प्रश्न नीट वाचा, या पानावरचा सगळ्यात कामाचा आहे. स्वीडनमध्ये क्लारेस्कोग यांच्या टीमने २००६ साली दाखवलं की जो माणूस सिगारेट ओढतो आणि ज्याच्याकडे शेअर्ड एपिटोपच्या दोन कॉप्या आहेत, म्हणजे आईकडून एक आणि वडिलांकडून एक, त्याला अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आरएचा धोका दोन्ही नसलेल्या माणसाच्या २१ पट होता. एकवीस पट! जीन एकटा असता तर इतका नसता, सिगारेट एकटी असती तर इतका नसता, दोन्ही एकत्र आले की भडका. सिगारेटने फुप्फुसात सिट्रुलिनवाली प्रोटीन्स वाढतात आणि तिथेच ही अँटीबॉडीची सुरुवात होत असावी असं मानतात.

माझा धाकटा भाऊ ओढायचा. त्याची जीन टेस्ट आम्ही केली नाही, गरजच नव्हती, आई आजारी आहे एवढं पुरे होतं. मी त्याला हा २१ चा आकडा दाखवला, भांडले, रडले पण. लगेच नाही सुटली, तिसऱ्या प्रयत्नाला सुटली. सोडल्यावर धोका एका दिवसात जात नाही, वर्षानुवर्षं हळूहळू कमी होतो, म्हणून जितकी लवकर सुटेल तितकी चांगली.

आई सिगारेट नाही पण मिशरी लावते, चालेल का?

पुरावा मुख्यतः धुराविरुद्ध आहे. स्वीडनमध्येच ओठाखाली ठेवायच्या तंबाखूवर अभ्यास झाला, त्यात आरएचा धोका वाढलेला दिसला नाही, म्हणून मिशरीने आरए होतो असं मी म्हणणार नाही. पण मिशरीने हिरड्या आणि तोंडाचं जे नुकसान होतं, तोंडाचा कॅन्सर होतो, ते बघता ती सोडायलाच हवी, त्यासाठी आरएचं कारण शोधायची गरज नाही. हिरड्यांच्या आजाराचा आणि आरएचा संबंध पण सापडलाय, पोरफायरोमोनास जिंजिव्हालिस नावाच्या हिरड्यांतल्या बॅक्टेरियाकडे स्वतःचं पॅड एन्झाइम असतं, त्यामुळे दातांच्या डॉक्टरकडे जायचा कंटाळा करू नका.

धुळीचं काम असेल तर?

असेल तर मास्क गंभीरपणे घ्या. खडी क्रशर, दगडकाम, ड्रिलिंग यातली सिलिकाची धूळ पुरुषांमध्ये धोका वाढवते हे स्वीडनच्या अभ्यासात आलंय. आणि मलेशियात कापडाच्या धुळीत काम केलेल्या बायकांत धोका जवळजवळ तिप्पट दिसला, शेअर्ड एपिटोप असेल तर त्याहून कितीतरी जास्त. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर आणि सूतगिरण्यांत आपल्या किती बायका-माणसं आयुष्य काढतात, हे वाचल्यापासून मला तोच विचार येतो.

बायकांनाच जास्त का होतो?

एका पुरुष पेशंटमागे साधारण दोन ते तीन बायका असतात. हॉर्मोन्सचा भाग आहे, प्रेग्नन्सीत बऱ्याच जणींचा आरए आपोआप शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. आपल्याकडे मग त्याला बाळंतवात म्हणून शेक-शेगडीवर ढकलतात, आणि महिने जातात. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या वर बोटं सुजलेली राहिली तर दाखवाच.

लॅबवाल्याने एचएलए-बी२७ करायला सांगितली, ती हीच का?

नाही. बी२७ ही अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिससाठी, म्हणजे कंबर आणि पाठीचा कणा धरणारा आजार, जो तरुण मुलांत जास्त दिसतो. नावात एचएलए आहे म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. आरएच्या निदानासाठी सूज कुठे आहे, किती दिवस आहे, आणि आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या टेस्ट बघतात. जगभर वापरतात त्या २०१० च्या निकषांत जीन टेस्ट नाहीच. आणि नुसता आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून पण घाबरू नका, तो टीबीत, हेपटायटिस सीमध्ये, कधी कधी धडधाकट म्हाताऱ्या माणसांत पण येतो.

लाळ पाठवून करायची जीन टेस्ट मिळते ऑनलाइन, करू का?

माझं मत विचाराल तर नको. रिपोर्टवर "धोका जास्त" आलं तर शंभरातल्या बहुतेकांना तरी आजार होणार नाही, आणि "धोका कमी" आलं म्हणून बोटं सुजल्यावर तुम्ही घरी बसलात तर ते जास्त वाईट. त्या पैशात एकदा चांगल्या रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे अशा सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरला दाखवून होतं.

मग निरोगी असताना अँटी-सीसीपी करून ठेवू?

काहीच दुखत नसेल तर सहसा सांगत नाहीत. दुखतंय, सकाळी आखडतंय आणि घरात आरए आहे, तर जरूर. आजार व्हायच्या आधीच थांबवता येतो का यावर काम चालू आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये सांधे दुखतायत, अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत पण सूज अजून नाही अशा २१३ लोकांवर अबाटासेप्ट औषधाची ट्रायल झाली, २०२४ ला निकाल आला. वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन. वर्षाच्या शेवटी औषध घेतलेल्यांत ६ टक्क्यांना आरए झाला होता, न घेतलेल्यांत २९ टक्क्यांना. पण औषध थांबवल्यावर फरक कमी होत गेला, दोन वर्षांनी २५ विरुद्ध ३७. म्हणजे आजार पुढे ढकलला गेला, कायमचा टळला असं अजून म्हणता येत नाही. गंमत म्हणजे हे औषध सीटीएलए४ या प्रोटीनपासूनच बनवलंय, आणि तो जीन वरच्या यादीत आहे.

जीन रिपोर्ट बघून औषध ठरवतात का?

आज तरी नाही. बहुतेकांना सुरुवात मेथोट्रेक्सेटनेच होते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं, म्हणून आमच्या घरी कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल असतो. मूल हवं असेल तर ती आधीच थांबवावी लागते, डॉक्टरांना अगोदर सांगा.

मुलीच्या लग्नाच्या वेळी स्थळाला सांगायचं का की आईला आमवात आहे?

हे मला किती जणींनी हळू आवाजात विचारलंय. लपवण्यासारखं यात काहीच नाही, आणि नाकारण्यासारखं पण नाही. सासूबाईंना डायबेटिस आहे म्हणून आपण कोणाचं लग्न मोडत नाही, आणि आईला आरए असलेल्या बहुतेक मुलींना तो होत नाही. वर दिलेला हिशोब स्थळाकडच्यांना दाखवा हवं तर.

माझ्यामुळे मुलांना होणार, या विचाराने आई रडते. तिला काय सांगू?

तिला सांगा की कोणते जीन्स द्यायचे हे कोणीच निवडत नाही, आणि तिने दिलेले तेच जीन्स मुलांना जंतूंशी लढायला मदत करतायत. आणि एक गोष्ट अशी पण सांगा. एचएलएचे काही प्रकार आरएपासून उलट संरक्षण देतात, आणि हॉलंडच्या लायडनमधल्या संशोधकांना २००७ साली असं दिसलं की आईकडे असा प्रकार असेल आणि मुलाला तो मिळाला नसेल, तरीसुद्धा त्या मुलाला आरएचा धोका कमी होता, बहुधा पोटात असताना आईच्या ज्या थोड्या पेशी मुलात येतात त्यांच्यामुळे. म्हणजे आई देते ते फक्त जीन्समधून नाही. हे मी माझ्या आईला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने चहा टाकला.

घरात आरए आहे, तर मी आत्ता काय बघत राहू?

सकाळी अर्धा-पाऊण तासाच्या वर हात आखडलेले राहतात का, अंगठी किंवा बांगडी अचानक चढेनाशी झाली का, पिळे घालताना, भाकरी थापताना, साडीच्या निऱ्यांना पिन लावताना बोटं ऐकत नाहीत का. हस्तांदोलन केल्यावर बोटांच्या मुळाशी कळ येते का, तशीच पायाच्या चवड्याला दोन्ही बाजूंनी दाबल्यावर. यातलं काही सहा आठवडे टिकलं तर रुमॅटॉलॉजिस्ट गाठा, कारण पहिल्या तीन महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, आईची दोन बोटं आता सरळ होत नाहीत ती त्या पहिल्या दोन वर्षांतलीच आहेत. मागच्या दिवाळीनंतर माझी पण बोटं दुखायला लागली होती, मी तिसऱ्या आठवड्यातच गेले. अँटी-सीसीपी निगेटिव्ह, सूज नाही, अंगठ्याच्या शिरेवर ताण होता, शिवणकामाचा. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी पण असंच लवकर या.